कौलाआधीच बदललेला पत्ता

मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या मच्छीमार संस्थेने मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ बघून चेअरमनांचं भाषण चालू असतानाच मला हसू फुटलं. माझ्या हातून नोकरीत सगळ्यात मोठी चूक झाली ती घड्याळावर भरवसा ठेवल्यामुळे, आणि ती त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होती. घड्याळ निवडणाऱ्याला बहुतेक ठाऊक नसावी. किंवा असेलही, आमच्या मालवणी माणसांचं काही सांगता येत नाही.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे चूक कळेल. मालवणात संस्थेच्या बर्फाच्या कारखान्यावर एक खोली आहे. तिथे तीन लहान संगणक अखंड चालू असतात. कुठली होडी कुठे आहे ते नकाशावर दाखवणं, लिलावाचे दर फलकावर लावणं, हवामानाचा इशारा आला की तो समुद्रातल्या होड्यांना पाठवणं, ही त्यांची कामं. प्रत्येक कामाचा प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका बंद पेटीत घातलेला असतो. या पेटीला कंटेनर म्हणतात आणि तीन संगणकांच्या या जुडग्याला क्लस्टर. एक संगणक बंद पडला की त्याच्यावरच्या पेट्या दुसऱ्या संगणकावर आपोआप उघडतात आणि काम चालू राहतं. फक्त पेटी हलली की तिचा पत्ता बदलतो, आणि बाकीच्या पेट्या तिला जुन्याच पत्त्यावर शोधत बसतात.

म्हणून नावावरून पत्ता सांगणारं कोणीतरी लागतं. त्याला डीएनएस म्हणतात. चेअरमनांनी पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "ता इंजिनात घालतत ता काय गो?" मी त्यांना माझ्या आधीच्या नोकरीची गोष्ट सांगितली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लोक मला नंबर सांगतच नसत. "बाय, जरा डॉक्टरांक लाव," एवढंच म्हणत. सकाळी डॉक्टर दवाखान्यात असत, दुपारी घरी आणि चारनंतर बाजारातल्या दुकानाच्या बाकड्यावर. ते कुठे असतील ते मला माहीत असे आणि मी बरोबर तिथेच फोन जोडत असे. क्लस्टरमध्ये डीएनएस तेच करतो. पेट्या एकमेकींना नावाने विचारतात आणि आत्ता कोण कुठे आहे ते तो सांगतो. दर वेळी विचारत बसायला नको म्हणून सांगितलेलं उत्तर काही काळ लक्षातही ठेवलं जातं. किती काळ ठेवायचं, ती मुदत ठरवणं माझ्या हातात होतं. पेट्यांसाठी मी ती अर्ध्या मिनिटाची ठेवली होती, कारण पेट्या भटक्या.

एकाच नावाची मुदत मी एका तासाची ठेवली होती. ते नाव होतं टॉवर.

टॉवर आमच्या गावात सड्यावर होता, म्हणजे गावाच्या वरच्या कातळमाळावर. त्याच्या बुडाशी क्लस्टरबाहेरचं एक चौथं मशीन होतं. होड्यांवर आम्ही बसवलेल्या छोट्या डब्यांशी ते रेडिओवरून बोलायचं. डबा होडीची जागा कळवायचा आणि इशारा आला की कर्कश वाजायचा. तांडेलाने, म्हणजे होडीच्या मुख्याने, बटण दाबलं की मालवणात पोच यायची. हे मशीन क्लस्टरच्या बाहेरचं, म्हणून त्याचा पत्ता डीएनएसमध्ये मी माझ्या हाताने लिहिलेला होता. टॉवर काय रोज चालायला जातो, असा माझा विचार. मी त्याच गावात जन्मलेली बाई, आणि हा विचार माझ्या डोक्यात आला याची मला आजही लाज वाटते.

कारण आमच्या गावात गावपळण असते. तीन-चार वर्षांतून एकदा ग्रामदैवताचा कौल होतो आणि सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. वेशीपलीकडच्या काजूच्या बागांत झावळ्यांच्या राहुट्या बांधायच्या आणि तीन दिवस तीन रात्री तिथे राहायचं. गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल मागतात. देवाने हो म्हटलं की नगारा वाजतो आणि लोक घरी परततात. देवाने नाही म्हटलं तर मुक्काम आणखी एक दिवस वाढतो.

आता तुम्हीच सांगा, टॉवरच्या मशीनवर हिरवा दिवा असतो, त्याचं काय करायचं? गावकारांनी मला बोलावून घेतलं. देवळातले मानाचे पुढारी ते, माझ्या वडिलांच्या वयाचे. म्हणाले, "दिवो म्हणजे दिवो. भायर काढूक व्हयो." वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि खरं सांगायचं तर मला घालायचाही नव्हता. मी मशीन आणि अँटेनाचा एक लहान खांब वेशीपलीकडच्या सड्यावर एका मांगरात हलवला. मांगर म्हणजे बागेतली राखणीची खोपी. तिथली जोडणी वेगळी, म्हणून पत्ता नवा. मी डीएनएसमध्ये नवा पत्ता लिहिला, एक तास थांबले, एक चाचणीचा संदेश पाठवला. सगळ्या होड्यांची पोच आली. हे इतकं सुरळीत झालं की मला शेफारायला कारण मिळालं.

चौथ्या दिवशी परतीची धांदल असते. गुरं, भांडी, म्हातारी माणसं, आणि वर ते मशीन. तेव्हा लॅपटॉप उघडायला कुठे बसू? म्हणून मी आधीच सोय करून ठेवली. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या ठोक्याला टॉवरचा पत्ता आपोआप पुन्हा गावातला होईल, अशी घड्याळाची आज्ञा लिहून ठेवली. कौल नऊला, अकरापर्यंत मी मशीन गावात पोचवलेलं असेल. माझ्या आठवणीत देवाने कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

त्या वर्षी देवाने नाही म्हटलं.

गावकार देवळातून परत आले आणि शांतपणे म्हणाले, "आज नाय. देव म्हणता, आजून एक दिस ऱ्हवा." लोकांनी बांधलेली गाठोडी परत सोडली. मीही सोडली. तांदूळ संपत आले होते, म्हणून शेजारच्या गावातून आणायला गेले, येऊन चूल पेटवली. घड्याळाला दिलेली आज्ञा माझ्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. अकरा वाजले आणि मालवणातल्या खोलीत माझं घड्याळ, देवाला न विचारता, टॉवरला गावात घेऊन गेलं.

आता बाबलबद्दल सांगायला हवं. बाबल तांडेल माझा शाळेतला सोबती. डबा लावून घ्यायला सगळ्यात जास्त विरोध त्याचा. "माका आभाळ दिसता, तुझ्या डब्याचा माका काय काम?" असं म्हणून तो दोन वर्षं मला चुकवत फिरला. शेवटी मीच त्याच्या होडीवर जाऊन बसले. म्हटलं, "वेंगुर्ल्यापलीकडचा आभाळ दिसता काय तुका? डबो वाजलो तर फिर. नाय वाजलो तर बिनघोर मासे मार." तो हसला आणि म्हणाला, "बघ हां गो. तुझ्या भरवशार ऱ्हवतलंय."

गावपळणीत मासेमारी थांबत नाही. होड्या शेजारच्या किनाऱ्याला लावलेल्या असतात आणि तिथूनच समुद्रात जातात. त्या दिवशी बारा होड्या बाहेर होत्या. बाबलची त्यात सगळ्यात लांब. त्याची बायको सुलू माझ्या शेजारच्या राहुटीत होती.

बाराच्या सुमाराला इशारा आला. दुपारनंतर जोराचं वादळी वारं, सगळ्या होड्यांनी परत फिरावं. क्लस्टरने तो लगेच पाठवला. माझ्या लॅपटॉपवर बारा नावांपुढे 'पाठवला' असं उमटलं. मी निर्धास्त झाले आणि सुलूला सांगितलंही.

पाच मिनिटं झाली, पोच एकही नाही. दहा मिनिटं झाली. सुलू दारात येऊन उभी राहिली. "शुभाबाय, ह्यांका मेसेज गेलो मां?"

"गेलो गो. हात जाळ्यात गुतले असतले," मी म्हटलं. बारा होड्यांतल्या बाराही तांडेलांचे हात एकाच वेळी जाळ्यात गुंतलेले असतात का? हा प्रश्न मी स्वतःला पाच मिनिटं आधी विचारायला हवा होता.

नकाशा तर अगदी जिवंत दिसत होता. बारा ठिपके हलत होते. होड्यांकडून येणारी माहिती टॉवरचं मशीन स्वतःहून मालवणला पाठवतं, त्यासाठी त्याचा पत्ता कोणी विचारत नाही. म्हणून येणारी बाजू ठणठणीत होती. जाणारी बाजू मेली होती आणि मेल्याचा आवाज कुठेच नव्हता. बाबलचा ठिपका मी बघत होते. तो पश्चिमेला सरकत होता. मासे लागले असणार.

मग माझी नजर कोपऱ्यातल्या नोंदीवर गेली. 'टॉवरचा पत्ता बदलला, अकरा वाजता.' आमचे इशारे रिकाम्या गावात जात होते. कुलूप लावलेल्या घरांत, विझलेल्या चुलींवर, मशीन नसलेल्या टॉवरखाली.

मी सुलूला खरं सांगितलं. खोटं सांगायला तोंडच उघडलं नसतं. ती ओरडली नाही. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "मगे मशीन गावात न्हेवया. पत्तो थयचो आसा, तर मशीन थय जाऊ दे. मी उचलतंय. देवाक मी सांगतलंय काय ता."

गावकार तिथेच होते. त्यांनी ऐकलं आणि नाही म्हटलं नाही. फक्त हात जोडून देवळाच्या दिशेला उभे राहिले. मशीन सड्यावरच्या मांगरात होतं, तिथपर्यंत वीस मिनिटांची चढण, तिथून गावातला टॉवर आणखी अर्धा तास. मी म्हटलं, "सुलू, तेवढो वेळ नाय. हयसून करतंय. माका फक्त नेटवर्क दी."

राहुटीत मोबाइलच्या नेटवर्कवर नकाशा कसाबसा दिसायचा, पण आज्ञा द्यायला ते पुरत नव्हतं. पुरेसं मिळायचं ते गडग्यावर, म्हणजे बागेच्या दगडी बांधावर, उभं राहून हात वर केल्यावर. सुलू माझा मोबाइल घेऊन गडग्यावर चढली, हात उंच केला, आणि मी खाली धोंड्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. तिचा हात खाली आला की जोडणी तुटायची. "हात खाली करू नको," एवढंच मी तिला मधूनमधून सांगत होते.

पत्ता दुरुस्त करायला मला एक मिनिट लागलं. पण मुदत माझीच, एका तासाची. डीएनएसने चुकीचं उत्तर लक्षात ठेवलेलं होतं आणि तो ते इमानेइतबारे सांगत होता. त्याला विसरायला लावायचं तर त्याच्या पेट्या बंद करून नव्याने उघडायच्या. त्या दोन होत्या. दोन्ही एकदम बंद केल्या असत्या तर क्लस्टरमध्ये कोणीच कोणाला सापडलं नसतं आणि नकाशाही गेला असता. म्हणून आधी एक. ती उभी राहीपर्यंत थांबायचं. मग दुसरी. घाईत एक आज्ञा मी तीनदा चुकीची लिहिली. मध्येच सुलूचा हात भरून आला, जोडणी गेली, तिने हात बदलला, पुन्हा आली.

दोन्ही पेट्या उठल्या. इशारा परत पाठवला. पोच नाही.

तेव्हा मला रडूच आलं असतं, पण त्याच्या आधी राग आला, स्वतःचा. इशारा पाठवणाऱ्या पेटीनेही तोच चुकीचा पत्ता स्वतःजवळ जपून ठेवला होता. तो प्रोग्राम मीच लिहिलेला, दर वेळी विचारायला नको म्हणून. तीही पेटी बंद केली, उघडली, परत पाठवला.

पहिली पोच आली. मग दुसरी. मग चार एकदम. मी मोठ्याने आकडे म्हणत होते आणि गडग्यावरून सुलू एकच विचारत होती, "ह्यांची?" अकरा झाल्या. बाबलची नाही. मी पोचेचा रकाना सोडला आणि ठिपक्याकडे बघत राहिले. तो थांबलेला होता. बराच वेळ थांबलेला होता. मग तो वळला.

"फिरलो," मी म्हटलं. सुलूने हात खाली केला आणि गडग्यावरच बसली. पहिल्या इशाऱ्यापासून चाळीस मिनिटं गेली होती.

वारा दोनच्या आधीच सुटला. अकरा होड्या तोवर खाडीत शिरल्या होत्या. बाबलची होडी संध्याकाळी आली, एका अंगाला कललेली. तो सुकाणूवर डाव्या हाताने उभा होता. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता. डबा वाजला तेव्हा त्याचं जाळं पूर्ण पसरलेलं होतं. घाईने ओढताना होडीने हिसका खाल्ला, दोराचा फास हाताभोवती आवळला आणि दोन बोटं गेली. चाळीस मिनिटं हातात असती तर त्याने जाळं सावकाश ओढलं असतं. हा हिशेब मला कोणी घातला नाही. तो माझा मीच रोज घालते.

दवाखान्यात मी त्याला सगळं सांगितलं. घड्याळाची आज्ञा, एका तासाची मुदत, सगळं. तो छताकडे बघत ऐकत होता. मग म्हणाला, "डबो गप होतो. मी म्हटलंय, शुभा आसा, म्हणजे वारो नाय."

तो चिडला असता तर मला सोसलं असतं.

गावात नंतर बोललं गेलं की देवाने त्या दिवशी नाही म्हटलं म्हणून हे घडलं. काहींनी तर मला धीर द्यायला तसं म्हटलं. मी कोणाकडूनही ते ऐकून घेतलं नाही. देवाची त्यात काय चूक? त्याला विचारण्याआधीच मी त्याचं उत्तर लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. टॉवरचा पत्ता आता कोणी हाताने लिहीत नाही. मशीन जिथे चालू होईल तिथून ते स्वतःच डीएनएसला सांगतं की मी इथे आहे, आणि दर मिनिटाला पुन्हा सांगत राहतं. सांगणं थांबलं की त्याचं नाव काढलं जातं. घड्याळाला त्यात कोणी काही विचारत नाही. पहिल्यापासून हेच करायला हवं होतं. आमच्या धंद्यात हे शहाणपण नवीन नाही, मीच आळस केला होता.

दुसरी गोष्ट मला सुचलेली नाही. ती बाबलला सुचली. हात बरा झाल्यावर तो खोलीवर आला, तिन्ही संगणकांकडे संशयाने बघत स्टुलावर बसला आणि म्हणाला, "गप ऱ्हवणा म्हणजे सगळा बरा, ह्या कोणी ठरवल्यान? तूच. आमच्या घरात सुलू गप ऱ्हवली तर मी घाबरतंय." मला हसावं की नाही कळेना. "दर तासाक डबो वाजव," तो म्हणाला. "बारीक वाजव, पण वाजव. वाजलो नाय, तर आमी फिरतलव." तेव्हापासून दर तासाला प्रत्येक होडीवर डबा एकदा बारीक वाजतो. मालवणातली इशारा पाठवणारी पेटी टॉवरला नावाने शोधते, टॉवर होड्यांना हाक मारतो. वाटेतला एक धागा जरी तुटला तरी आवाज होत नाही.

पुढची गावपळण आली तेव्हा माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते. मशीन बाहेर नेलं, त्याने स्वतःच नवा पत्ता कळवला. चौथ्या दिवशी मानकरी देवळात गेले. मी कुठलीही आज्ञा लिहिलेली नव्हती, नुसती धोंड्यावर बसून होते. नगारा वाजला. देवाने हो म्हटलं.

मशीन गावात नेऊन लावायचं म्हणजे ते तासभर तरी बंद राहणार. म्हणून मी आदल्या दिवशीच बाराही तांडेलांना बजावलं होतं की दहाचा आवाज चुकेल, हवा स्वच्छ आहे, फिरू नका. हिरवा दिवा गावातल्या टॉवरखाली लागला तेव्हा साडेदहा झाले होते. मशीनने आपला पत्ता सांगितला. मी लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि बघतच राहिले. बाराही ठिपके किनाऱ्याकडे येत होते. सगळ्यांत पुढे बाबलचा.

चेअरमनांचा फोन आला. ते भडकले होते. एवढा चांगला दिवस, समुद्र तेलासारखा शांत, आणि सगळ्या होड्या रिकाम्या परत का? मी धावत खाडीवर गेले. सुलू माझ्याआधीच तिथे उभी होती. बाबलने होडी वाळूला लावली आणि गुडघाभर पाण्यात उतरला.

"तुका सांगल्लंय मां मी, धाचो आवाज चुकतलो म्हणान?" मी ओरडले.

"सांगल्लंस," तो म्हणाला. "मी ऐकल्लंय पण. मगे डबो गप ऱ्हवलो. मी म्हटलंय, आता शुभाचा ऐकाचा काय डब्याचा?"

"मगे?"

"डब्याचा ऐकलंय," बाबल म्हणाला, आणि तीन बोटांच्या हाताने त्याने होडीचा दोर माझ्यापुढे केला. मी दोर धरला आणि आम्ही तिघांनी मिळून ती रिकामी होडी वर ओढली.